हुंकारी

बुधवारी दुपारी दोनला वडगावातली वीज जाते
आणि गल्लीभरचे माग एका दमात गप्प होतात.
कान थोडा वेळ उगाच खटखटत राहतात.
मग लगमव्वाच्या रंगाच्या पडवीत,
ओल्या लडींच्या खाली पोती अंथरून
आमचं कथेकरी मंडळ बसतं.
मधूनच कुणाच्या टकलावर जांभळा थेंब पडतो.
पुसायची पद्धत नाही.

मंडळाला पाटी नाही.
ती कुठल्या लिपीत लिहायची यावर
एकदा तीन बुधवार गेले. चौथ्याला मेहबूबसाब म्हणाला,
पोस्टमन थोडाच येतो गोष्ट ऐकायला!
वही मात्र आहे, लाल कापडाची, उधारीची असते तसली.
ऐकली की नावावर चढते, सांगितली की उतरते.
मध्ये चिरमुरे. निम्मे लोक मंडक्की म्हणतात
आणि मूठ तेवढीच मोठी भरतात.

माझं काम एकच. हूं म्हणायचं.
मला गोष्ट सांगता येत नाही,
शेवट आधी आठवतो आणि मी तोच सांगून मोकळा होतो.
म्हणून हुंकारी केलं, त्याला बावीस वर्षं झाली.
सोपं नसतं ते.
राजा मेला तिथलं हूं वेगळं,
राजा खोटा खोटा मेला तिथलं वेगळं.
लवकर दिलं तर सांगणारा अडखळतो,
उशिरा दिलं तर वर बघतो :
ऐकूलालास न्हवं?

इराप्पा सोनटक्कीची एकच गोष्ट होती.
येळ्ळूरच्या माळावर एक गडी विहीर खणतो.
मराठीत खणायला घ्यायचा,
खडक लागला की कन्नडात जायचा.
माझं कन्नड बाजारापुरतं,
पण खडक कळायचा.
सत्तर हात खाली गेल्यावर गडी कुदळ थांबवतो
आणि खालनं
कुदळीचा आवाज येतच राहतो.
इथं इराप्पा उठून धोतर झटकायचा.
मुंद? आम्ही ओरडायचो. पुढं?
पुढच्या बुधवारी.
पुढच्या बुधवारी परत पहिल्यापासनं.

माघात तो गेला.
वहीत त्याच्या नावावर एकशे बारा बाकी;
तीच गोष्ट दरवेळी उतरवायची का एकदाच,
यावर परश्या आणि मेहबूबसाब अजून बोलत नाहीत.

या बुधवारी त्याची लेक आली.
कस्तुरी, बैलहोंगलला दिलेली. कडेवर झोपलेलं पोर.
अप्पांची बाकी फेडायला आले, म्हणाली.
आम्ही सरकून बसलो. चिरमुरे बाजूला झाले.
ती म्हणाली, शेवट मला ठाऊक नाही.
रात्री मागावर बसून अप्पा सांगायचे,
मी कांड्या भरत हूं म्हणायची.
सत्तर हातांपर्यंत मला झोप लागायची.
हूं थांबलं की ते थांबायचे.
पुढचं त्यांनी रचलंच नसेल.

लगमव्वानं कोरडी लड पिळली.
परश्या पेन उघडून माझ्याकडे बघत बसला,
जणू हे कुठल्या रकान्यात जातं ते मला माहीत.

तेवढ्यात पोर उठलं, रडायला लागलं,
आणि त्याला थोपटत कस्तुरीनं सुरुवात केली.
येळ्ळूरचा माळ. गडी. सगळं कन्नडातनं,
माती पण.
मी हूं देत गेलो. खडक आला. साठ हात.
सत्तर.

आणि वीज आली.
सगळी गल्ली एकदम खटखटायला लागली,
पडवीचे पत्रे थरथरले,
लोक उठले, मागाला माणूस नको का?
कस्तुरीचे ओठ हलत होते.
ती थांबली नव्हती.
एक अक्षर ऐकू येत नव्हतं मला.
अंदाजानं हूं दिलं.
तिनं मान हलवली, पुढं गेली.
परत दिलं.
पोर टक्क जागं होतं.